तण कशाला म्हणायचे, हे कोण ठरवणार?

जैवविविधता हा आपला विषय नाही, तो वाघ मोजणाऱ्यांचा आणि सफारीवाल्यांचा विषय आहे, असे आपलेच कार्यकर्ते आम्हाला ऐकवतात. त्यांचा राग आम्हाला कळतो. पर्यावरणाच्या नावाने पहिली नोटीस येते ती गायरान कसणाऱ्याला. पण म्हणून हा विषय सोडून दिला, तर उद्याचे निर्णयही तेच लोक घेतील.

२०१९ साली आयपीबीईएस या आंतरराष्ट्रीय मंचाने जगातल्या सुमारे १० लाख प्रजाती नामशेष होण्याच्या धोक्यात असल्याचे सांगितले. जमिनीवरच्या ऱ्हासाचे सर्वांत मोठे कारण म्हणजे जमिनीच्या वापरातला बदल, मुख्यतः शेतीचा विस्तार. हवामानबदलाचा वाटा पुढच्या दशकांत वाढत जाणार आहे. शेतातली स्थिती काय? अन्नासाठी लावल्या जाणाऱ्या सुमारे ६ हजार वनस्पतींपैकी फक्त ९ पिके जगातल्या एकूण पीक उत्पादनाचा ६६ टक्के भाग देतात, असे अन्न व कृषी संघटनेचा अहवाल सांगतो.

मित्रांनो, या आकड्यांत आपल्या आयाबाया कुठे आहेत, ते बघा. निंदायला गेलेली बाई दिवसाची मजुरी घ्यायची आणि संध्याकाळी ओटीत भाजी घेऊन घरी यायची. तरोटा, कुरडू, घोळ, केना, तांदुळजा, ज्वारीतली पाथरी. मालकाच्या लेखी ते तण, आपल्या घरी ते कोरड्यास. डाळ परवडत नव्हती, तेव्हा याच पाल्यावर पोरे वाढली. (आता याच भाज्यांचे 'रानभाजी महोत्सव' भरतात आणि साहेब लोक फोटो काढतात. तरोटा खाणारे म्हणून ज्यांना हिणवले, त्यांना मात्र तिथे भाषणाला कोणी बोलावत नाही.)

आता कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात पाऊस आठ-आठ दिवस लागून राहतो. वापसा नसतो, शेतात पाय टाकता येत नाही, तण पिकाच्या डोक्यावर जाते. उघडीप मिळाली की सगळ्या गावाला एकाच दिवशी मजूर हवे असतात. मग शेतकरी तणनाशक आणतो. आम्ही त्याला खलनायक ठरवत नाही, दोन-तीन एकरवाले आपलेही भाऊ त्यात आहेत. पण पाऊस जितका लहरी होईल, तितकी ही फवारणी वाढेल, असे आम्हाला स्पष्ट दिसते. एका फवारणीत बाईची मजुरी जाते, तिची भाजी जाते आणि त्या फुलांवर येणारी मधमाशीही जाते. जागतिक अहवालात यातली फक्त मधमाशी दिसते.

आणि पंप कोणाच्या पाठीवर असतो? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. ते तणनाशक नव्हते हे खरे, पण पाठ त्याच वर्गाची होती.

काही जण बाबासाहेबांचा दाखला देतात. १९१८ च्या लहान शेतजमिनींवरील निबंधात त्यांनी जमिनीवरचा माणसांचा भार उद्योगांकडे वळवा, असे सांगितले होते. अगदी मान्य. पण तणनाशकाने मोकळे झालेले हात कारखान्यात गेलेले नाहीत. ते वीटभट्टीवर गेले, ऊसतोडीला गेले, नाहीतर घरी बसले. बाबासाहेबांनी उद्योग मागितला होता, बेकारी नव्हे.

मग करायचे काय? २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही आली. २००४ च्या नियमांनुसार समितीत किमान एक तृतीयांश महिला आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य असायला हवे होते. पुढे हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, दंडाची टांगती तलवार ठेवली, आणि कागद घाईघाईने भरले गेले.

आम्ही एका गावात ही नोंदवही मागितली. कपाट उघडायलाच तीन चकरा झाल्या. समितीत आपल्या वस्तीतल्या एका मावशींचे नाव होते. त्या सदस्य आहेत हे त्यांना आमच्याकडून कळले. नोंदवहीत वड, पिंपळ, कडुलिंब, गाय, म्हैस. पाल्याचा एक शब्द नाही.

मग मावशींच्या ओट्यावर सात-आठ बायका जमवल्या. कोणता पाला पहिल्या पावसाला येतो, कोणता उकळून पाणी टाकल्याशिवाय खायचा नाही, कोणता गरोदर बाईला देत नाहीत, कोणता कोणत्या शेतातून गेला आणि तिथे फवारणी कधी सुरू झाली, हे सगळे त्यांना पाठ होते. दोन नावांवरून तर भांडणच झाले. दोन्ही लिहून घेतली. दुपारभरात वहीची चार पाने भरली.

ती पाने अर्जाला जोडून ग्रामसभेसाठी दिली आहेत. या बायकांच्या नावानिशी नोंद व्हावी, समितीची बैठक मावशींना वेळेत कळवून व्हावी आणि गायरानाच्या कडेला, पाणंदीवर तणनाशक मारू नये, अशा तीन मागण्या आहेत. अर्जाची पोच घेतली आहे. ज्यांना आपल्या गावात हे करायचे आहे त्यांनी कळवावे, अर्जाचा नमुना पाठवू.