इस्रायल आळीतील सकाळ

अलिबाग गावात इस्रायल आळी आहे आणि तेथे मागेन अबोत नावाचे सिनेगॉग उभे आहे. कोकणातील बेने इस्रायल हे मराठी बोलणारे ज्यू. आपले पूर्वज नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरागत श्रद्धा. तेलाचे घाणे चालवणारा हा समाज शनिवारी काम बंद ठेवी. म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली; काही मागे राहिली.

गेल्या पौषात मी बाबांना तेथे घेऊन गेले. त्यांचे वय ८२. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर लावलेली लघवीची नळी निघाली होती. मनावरचे मळभ मात्र तसेच होते. सकाळी डोळे उघडताच ते म्हणत, “आणखी एक दिवस काढायचा.” आणि खरे सांगायचे तर, मीही त्यांचा दिवस गोळ्यांच्या डबीत आणि लघवीच्या नोंदवहीतच मोजू लागले होते.

एका घराच्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे धर्मवचने लिहिलेले चर्मपत्र ठेवलेली छोटी डबी होती. तेथील वृद्ध काकांनी आम्हांला ओटीवर बसवले. बोलता बोलता त्यांनी विचारले, “सकाळी उठल्यावर प्रथम काय करता?”

“कण्हतो,” बाबा म्हणाले.

“मीही कण्हतो. पण आधी ‘मोदे आनी’ म्हणतो, मग कण्हतो.”

ही ज्यूंची जाग येताच म्हणावयाची प्रार्थना. रात्री देवाच्या हाती ठेव म्हणून दिलेला प्राण त्याने परत केला, याबद्दलचे हे आभार अंथरुणातच मानायचे. लहान मुलांना अगदी प्रथम शिकवल्या जाणाऱ्या प्रार्थनांपैकी ही एक. “आईने शिकवली तेव्हा चार वर्षांचा होतो,” काका म्हणाले. “शब्द अजून तेच.”

दिवसातून शंभर आशीर्वचने म्हणावीत, अशी ज्यू परंपरा आहे. त्यांतले एक शौचाहून आल्यावर, हात धुऊन म्हणायचे. शरीरातील एखादी वाट नको तेथे उघडली किंवा हवी ती बंद झाली, तर माणूस उभाही राहू शकणार नाही; त्या वाटा नीट चालतात म्हणून देवाचे आभार.

“लघवी झाली म्हणून आभार?” बाबांनी विचारले.

“नळी लागलेल्या माणसाने हे विचारावे?” काका म्हणाले. दोघेही मनमोकळे हसले.

काकूंनी केळी आणून ठेवली. केळ्यासाठी झाडाच्या फळाचे नव्हे, तर जमिनीच्या पिकाचे आशीर्वचन म्हणतात, असे कळताच बाबा सरसावून बसले. “योग्यच आहे! केळ हे झाडच नव्हे. त्याचे खोड म्हणजे पानांच्या देठांचे वेटोळे!” वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकाचा तो आवाज मी कित्येक आठवड्यांनी ऐकत होते.

आम्ही ज्यू नाही. त्यांची प्रार्थना आम्ही म्हणत नाही. परंतु घरी आल्यावर नोंदवहीत एक रकाना वाढवला. त्यात सकाळी बाबा काहीतरी सांगतात आणि मी लिहिते. माझेही एक वाक्य त्याखाली असते. दुखणे संपलेले नाही. काही दिवस रकाना कोराच राहतो.

कालची नोंद मात्र अशी : “रात्री एकदाच उठलो. कावळा वेळेवर आला.”