मेमरी संपली, पण कोणती?

मॅकवर ऑनलाइन गेम रंगात आलेला असताना अचानक बंद पडला आणि पडद्यावर मेमरीचं नाव घेणारी एखादी ओळ उमटली, की पुढचे सल्ले ठरलेले असतात. रॅम वाढवा, मॅक रीस्टार्ट करा, गेम काढून पुन्हा इन्स्टॉल करा. असे बिघाड शोधता शोधता माझं एक मत पक्कं झालं आहे. यातला प्रत्येक सल्ला कधी ना कधी लागू पडतो, आणि नेमकी तिथेच फसगत होते. गेम दोन दिवस नीट चालला की कारण सापडलं असं वाटतं, आणि मग तोच क्रॅश परत येतो. मेमरीमुळे गेम कोसळण्यामागे निदान चार वेगळे बिघाड असू शकतात. बाहेरून ते सारखे दिसतात, उपाय मात्र एकमेकांच्या कामी येत नाहीत. कोसळल्या क्षणी मेमरी किती भरली होती, या एका आकड्यावरून ते ओळखता येत नाहीत. मेमरी कशी वाढत गेली, कशामुळे वाढली आणि पुन्हा उतरली का, यावरून ओळखता येतात.

जुन्या क्रॅशपासून सुरुवात करतो, कारण तिथला पुरावा सगळ्यात स्वच्छ आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन गेम २००४ साली विंडोज आणि मॅक या दोन्हींवर एकाच वेळी आला. त्या काळातले गेम ३२-बिट असत. ३२ बिटांत मेमरीचे ४,२९,४९,६७,२९६ पत्ते मावतात, म्हणजे ४ जीबी. मॅकमध्ये १६ जीबी रॅम असली तरी अशा गेमला ४ जीबीपुढचा एक बाइटही वापरता येत नसे. त्या ४ जीबीतच गेमचा कोड, सिस्टिमच्या लायब्रऱ्या आणि ग्राफिक्स ड्रायव्हरने अडवलेली जागा बसवायची असते. त्यामुळे आकडा चारापर्यंत पोहोचण्याआधीच गेम कोसळे आणि लॉगमध्ये मेमरी मिळवून देणाऱ्या ‘मॅलॉक’ या फंक्शनच्या नावाने ‘एमएमॅप फेल्ड, एरर कोड १२’ अशी ओळ मिळे. युनिक्समध्ये १२ या क्रमांकाचा अर्थ, मागितलेली मेमरी देता येत नाही. मागणी कधी कधी अगदी किरकोळ असे आणि जागा तर शिल्लक दिसे. मग नकार का? एस.टी.त सहा जागा रिकाम्या असतात, पण सहा वेगवेगळ्या बाकांवर, आणि सहा जणांना शेजारी शेजारीच बसायचं असतं, तसा हा प्रकार. टेक्स्चरला, म्हणजे वस्तूंवर चढवलेल्या चित्राला, सलग पत्ते लागतात, आणि तासन्‌तास चाललेल्या गेममध्ये रिकामे पत्ते विखुरलेले असतात. अशा वेळी मेमरीचा वापर दाखवणारा अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर उघडला तर एकंदर मॅक निवांत दिसे. गेम मेला, मशीन ठणठणीत, ही या बिघाडाची खूण. इथे नवी रॅम घालून काहीच साधत नसे. टेक्स्चरचा दर्जा उतरवणं, गेम अधूनमधून बंद करून उघडणं, किंवा ६४-बिट आवृत्ती घेणं, एवढेच खरे उपाय होते.

२०१९च्या मॅकओएस कॅटालिनापासून मॅकवर ३२-बिट प्रोग्राम चालतच नाहीत, तेव्हा ती मर्यादा गेली. पण तिच्याबरोबर एक कुंपणही गेलं. पूर्वी मेमरी खात सुटलेला गेम चार जीबीच्या आत स्वतःच मरायचा. आता तो साऱ्या मशीनला ओढत नेतो, आणि हा दुसरा बिघाड, रॅमच्या टंचाईचा. मॅकओएस आधी वापरात नसलेली मेमरीची पानं, म्हणजे तिचे छोटे तुकडे, दाबून लहान करते, ही सोय २०१३च्या मॅव्हरिक्समध्ये आली. तेवढ्याने भागलं नाही तर ती पानं स्वॅप म्हणून डिस्कवर लिहिली जातात. डिस्कही भरलेली असेल तर अ‍ॅप्लिकेशनसाठी मेमरी उरली नाही असं सांगणारी खिडकी उघडते आणि काहीतरी बंद करायला सांगते. म्हणजे मेमरी संपल्याचा हा संदेश पुष्कळदा डिस्क भरल्याचाही असतो, आणि २० जीबी जुने व्हिडिओ हलवल्यावर तो थांबू शकतो. ‘मेमरी यूज्ड’ हा आकडा बघून घाबरण्यातही अर्थ नाही, कारण रॅम मोकळी ठेवण्यापेक्षा ती वापरात ठेवणं हेच सिस्टिमचं धोरण आहे. बघायचा तो त्याच मॉनिटरमधला मेमरी प्रेशरचा आलेख. तो हिरवा असताना गेम कोसळत असेल तर रॅमच्या टंचाईवर संशय घेण्याचं कारण नाही. तो पिवळ्यावरून लाल होत असेल, स्वॅप फुगत असेल आणि सगळंच मशीन अडखळत असेल, तर टंचाई खरी आहे. २०२० साली आलेल्या एम१ पासून अ‍ॅपलच्या चिपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच मेमरीतून वाढून घेतात. २०४८ बाय २०४८चं एक टेक्स्चर, न दाबता, १६ एमबी घेतं, आणि लांबून बघण्यासाठीच्या लहान प्रती धरल्या तर सुमारे २१ एमबी. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या इंटेल मॅकमध्ये हा भार बराचसा कार्डाच्या स्वतःच्या मेमरीवर पडे. ८ जीबीच्या एम१मध्ये तो ब्राउझर आणि सिस्टिमच्या ताटातूनच जातो. म्हणून टेक्स्चर एक पायरी खाली आणणं ही तिथे उत्तम चाचणी आहे.

तिसरा बिघाड गळतीचा, म्हणजे घेतलेली मेमरी गेम परतच करत नाही. ऑनलाइन गेममध्ये तो ओळखायला कठीण, कारण एकट्याने खेळायच्या गेमसारखा इथला भार गेम बनवणाऱ्याच्या हाती नसतो. गजबजलेल्या शहरात शिरलं की शंभर परक्या खेळाडूंचे पोशाख, शस्त्रं, वाहनं मेमरीत येतात. आकडा चढला म्हणून गळती म्हणायची घाई करू नये. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ला वरून जोडायचे छोटे प्रोग्राम, म्हणजे अ‍ॅड-ऑन लुआ भाषेत लिहिलेले असतात. लुआमध्ये नको झालेला डेटा लगेच फेकला जात नाही, तो साठतो आणि अधूनमधून झाडून काढला जातो. त्यामुळे त्यांची मेमरी चढते आणि उतरते, आणि ते निरोगीच आहे. खरी परीक्षा उतरण्याची. शहरातून ओसाड भागात यावं, थोडं थांबावं, पुन्हा शहरात जावं, असे फेरे मारत प्रत्येक वेळी त्याच जागी आकडा टिपावा. उतार दरवेळी आधीपेक्षा वर थांबत असेल आणि हे कितीही फेऱ्यांनी स्थिरावत नसेल, तर गळती असण्याची शक्यता प्रबळ. मग सगळे अ‍ॅड-ऑन बंद करून तेच फेरे पुन्हा मारले की दोष गेमचा की अ‍ॅड-ऑनचा हेही कळतं.

चौथा बिघाड मेमरीच्या चिपचाच, आणि तो सगळ्यात शेवटी तपासावा. क्रॅश रिपोर्टमध्ये ‘बॅड अ‍ॅक्सेस’ दिसलं की कित्येक जण थेट रॅमलाच दोषी धरतात. पण त्याचा अर्थ इतकाच, की प्रोग्रामने आपला नसलेला पत्ता गाठला. पत्ता दर वेळी शून्य किंवा त्याच्या आसपासचा असेल आणि क्रॅश कोडच्या त्याच ठिकाणी होत असेल, तर ती बहुतेक प्रोग्रामची चूक. मागितलेली मेमरी मिळाली नाही, तरी मिळाली असं धरून पुढे गेल्यावरही असंच होतं. उलट पत्ते दर वेळी वेगळे, जागा वेगळी, आणि गेमबरोबर इतर प्रोग्रामही कोसळत असतील, तेव्हा अ‍ॅपल डायग्नॉस्टिक्स चालवावं.

यावर पहिला आक्षेप येतो तो खर्चाच्या बाजूने. जास्त रॅमचं मशीन घेतलं की बहुतेक प्रश्न सुटतात, मग एवढी चिकित्सा कशाला? टंचाई असेल तर हे खरंच आहे. पण अ‍ॅपलच्या चिप असलेल्या मॅकमध्ये रॅम मागाहून वाढवता येत नाही, तेव्हा हा सल्ला म्हणजे नवा मॅक घ्या असा होतो. बिघाड गळतीचा असेल तर १६ जीबीऐवजी ३२ जीबी असण्याने क्रॅश फक्त उशिरा होतो. एवढा पैसा खर्च करायला सांगण्याआधी आलेखाकडे बघायला सांगणं, एवढी तरी जबाबदारी सल्ला देणाऱ्याची आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. खेळाडू पैसे मोजतो, खेळायला बसतो; निदान करणं हे गेम बनवणाऱ्याचं काम आहे. तत्त्व म्हणून मला हे मान्य आहे. दुरुस्तीची जबाबदारी पूर्णपणे त्यांचीच. पण आठवडाभराच्या खेळानंतर, अमुक अ‍ॅड-ऑन असताना, तमुक ठिकाणच्या गर्दीत होणारा क्रॅश प्रयोगशाळेत आपोआप घडत नाही, आणि मॅकवरचे खेळाडू विंडोजच्या मानाने थोडे असल्याने त्यांच्या मोघम तक्रारी मागे पडतात. ‘सारखा क्रॅश होतो’ या वाक्यावर कोणताही प्रामाणिक प्रोग्रामर काही करू शकत नाही. मॅकचं मॉडेल, मॅकओएसची आवृत्ती, रॅम, डिस्कवरची मोकळी जागा, प्रेशरचा रंग, फेऱ्यागणिक टिपलेले आकडे, अ‍ॅड-ऑनशिवाय काय झालं ते, आणि सोबत कन्सोलमधून घेतलेला क्रॅश रिपोर्ट, एवढं हाती आलं तर त्याला शोधायची दिशा मिळते. शिवाय हे करायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही. अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर आणि कन्सोल प्रत्येक मॅकमध्ये असतात, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलण्याची शिस्त कोणालाही जमते.

तीच शिस्त मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रीस्टार्ट, नवं इन्स्टॉलेशन, कमी टेक्स्चर आणि बंद अ‍ॅड-ऑन हे सगळं एकाच संध्याकाळी केलं तर गेम कदाचित चालू लागेल, पण कशाने चालला ते कळणार नाही, आणि पुढच्या पॅचनंतर तो कोसळला की परत सगळं पहिल्यापासून करावं लागेल. एकेक बदल करून बघितला तर उत्तर उशिरा मिळतं, पण ते टिकतं आणि त्याच मशीनवर खेळणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडतं.