कोरड्या डोळ्यांची कैफियत

डोळे कोरडे पडतात ही तक्रार ऐकून कोणाच्या डोळ्यांत पाणी उभे राहत नाही. गुडघा सुजला तर दिसतो, हात मोडला तर त्याला प्लास्टर घालतात; कोरडा डोळा मात्र बाहेरून बहुधा धडधाकट दिसतो. वाचकहो, मी आज 71 वर्षांची आहे आणि गेली 9 वर्षे या व्याधीबरोबर संसार करीत आहे. आपल्यापैकी काहींना हा त्रास असेल, काहींच्या घरी आई-वडिलांना किंवा सासू-सासऱ्यांना असेल. त्यांच्यासाठी हे अनुभवाचे चार शब्द.

निवृत्त होईपर्यंत मी एका छापखान्यात मुद्रितशोधनाचे काम केले. आयुष्यभर इतरांचे वाचले, आता स्वतःसाठी वाचायचे, एवढाच निवृत्तीनंतरचा बेत होता. नेमके तेव्हाच दुपारनंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागले. सकाळी पापण्या आतून चिकटलेल्या असत. त्या उघडणे ही रोजची शिक्षा होती. पंख्याचा वारा सोसवेना. अर्धे पान वाचून होते न होते तोच अक्षरे पुसट होत. पापणी मिटून उघडली की क्षणभर स्पष्ट दिसत आणि पुन्हा विरघळत. विशेष म्हणजे बाहेर वारा लागला की डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहे. ‘पाणी तर येते आहे, मग डोळे कोरडे कसे?’ हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाने विचारला.

त्याचे उत्तर अश्रूंच्या घडणीत आहे. अश्रू म्हणजे नुसते खारे पाणी नव्हे. डोळ्यावर त्यांचा एक अत्यंत पातळ थर सतत पसरलेला असतो. त्यात डोळ्याला धरून ठेवणारे चिकट द्रव्य असते, पाणी असते आणि सर्वांत वर ते पाणी उडून जाऊ नये म्हणून तेलाचे झाकण असते. हे तेल पापण्यांच्या कडांमधील मायबोमियन ग्रंथींतून येते. हाइनरिख मायबोम या जर्मन वैद्याने 1666 मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून हे नाव. यांतला एक घटक जरी कमी पडला तरी थर फाटतो, डोळा चुरचुरतो आणि मेंदूकडून आणीबाणीचे पाणी धाडले जाते. ते पाणी टिकत नाही. वळवाचा पाऊस उतारावरून वाहून जावा आणि जमीन तहानलेलीच राहावी, तसे होते.

पहिली दोन वर्षे एकामागून एक थेंबांच्या बाटल्या बदलण्यात गेली. तक्त्यावरची शेवटची ओळ मी वाचून दाखवीत असे आणि ‘वयोमानाने असे व्हायचेच’ हे उत्तर घेऊन परतत असे. पुढे एका तरुण नेत्रतज्ज्ञ बाईंनी मला वेगळाच प्रश्न विचारला. ‘आजी, भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरतो का?’ तो उतरत नव्हता. दात एकामागून एक किडत होते आणि सकाळी बोटांचे सांधे आखडत होते. डोळे, दात आणि सांधे यांच्या तीन फायली तीन दवाखान्यांत पडून होत्या. त्या एकत्र ठेवून कोणी पाहिल्या नव्हत्या.

त्यांनी शर्मरची चाचणी केली. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून 5 मिनिटांत ती किती ओली होते हे पाहायचे. साधारणतः 10 मिलिमीटर किंवा अधिक ओल यावी. माझी एका डोळ्याची 3 आणि दुसऱ्याची 2 भरली. मग फ्लुरेसीन नावाचा रंग घालून अश्रूंचा थर किती सेकंद टिकतो तेही पाहिले. रक्ततपासणीनंतर संधिवाततज्ज्ञांनी निदान केले ते शोग्रेन सिंड्रोमचे. शरीराची संरक्षक यंत्रणाच अश्रू आणि लाळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर उलटते, असा हा विकार आहे. तो स्त्रियांमध्ये अधिक आढळतो आणि हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने 1933 मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. प्रत्येक कोरड्या डोळ्यामागे तो असतो असे मुळीच नाही. कोणाच्या तेलग्रंथी तुंबलेल्या असतात, कोणाच्या पापण्या झोपेत पूर्ण मिटत नाहीत, कोणाला अ‍ॅलर्जीच्या, नैराश्याच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे कोरडेपणा येतो. म्हणूनच शेजारणीला गुण आलेले औषध आपल्याला लागू पडेलच असे नाही. आणि गोळ्यांवर संशय आला तरी त्या परस्पर बंद न करता डॉक्टरांशी बोलावे.

माझा उपचार पायरीपायरीने चढत गेला. परिरक्षक नसलेले कृत्रिम अश्रू हा त्याचा पाया. दिवसातून अनेकदा थेंब घालायचे असतील तर परिरक्षकच डोळ्याला बोचू शकतो. रात्री जेल. सकाळी स्वच्छ कापडाने 5 ते 10 मिनिटे सोसेल असा ऊबदार शेक. सायक्लोस्पोरिनच्या थेंबांनी आरंभी आग झाली; फरक जाणवायला चार महिने लागले, आणि तेवढा धीर धरावा लागेल हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, म्हणून तो धरता आला. अश्रू नाकात उतरण्याच्या वाटेच्या तोंडाशी सिलिकॉनची इवलीशी बुचे बसवली, त्याने सर्वाधिक दिलासा मिळाला. एका हिवाळ्यात कॉर्नियाला ओरखडे पडले, तेव्हा माझ्याच रक्तातील सीरमपासून रुग्णालयात तयार केलेले थेंब उपयोगी पडले. माशाच्या तेलाच्या गोळ्यांची शिफारस अनेकांनी केली. परंतु अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत त्या ऑलिव्ह तेलापेक्षा सरस ठरल्या नाहीत, असे 2018 मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. लाली घालवणारे थेंब सतत वापरू नयेत. स्टेरॉइडचे थेंब स्वतःहून आणू नयेत. त्यांनी काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो. मध, गुलाबपाणी, एरंडेल डोळ्यांत घालू नये. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर कोरडेपणाची कल्पना आधी द्यावी, कारण त्यामुळे भिंगाचे मोजमाप चुकू शकते. आणि तीव्र वेदना, अचानक मंदावलेली दृष्टी, उजेड न सोसणे किंवा पू, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

आता दोन शब्द शुश्रूषा करणाऱ्यांशी. सांधे आखडलेल्या बोटांनी इवलीशी कुपी दाबणे मला जमत नाही. ते काम माझी सून करते. कुपीचे टोक डोळ्याला लागू देत नाही, दोन औषधांमध्ये 5 मिनिटांचे अंतर ठेवते. तिने माझी खाट पंख्याखालून हलवली. पण याहून मोठे काम तिने एकदाच केले: ‘दिसत नसले तरी तुम्हाला दुखते आहे, हे मला कळते,’ असे ती म्हणाली. सतत खुपणारा डोळा माणसाची झोप नेतो, मग उमेद नेतो. आपले माणूस दिवसेंदिवस गप्प होत असेल, तर डोळ्यांबरोबर मनाचीही विचारपूस करा आणि गरज वाटल्यास डॉक्टरांच्या कानावर घाला.

माझा आजार बरा झालेला नाही, होणारही नाही. परंतु सकाळी वीस मिनिटे आणि संध्याकाळी वीस मिनिटे मी पुस्तक वाचते. उरलेले यजमान मोठ्याने वाचून दाखवतात, आणि त्यांचे चुकलेले उच्चार मी तिथल्या तिथे दुरुस्त करते. मुद्रितशोधन आता कानांनी चालते. आपण पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा ‘चांगले थेंब द्या’ एवढेच सांगून थांबू नका. ‘माझ्या अश्रूंत नेमके काय कमी आहे आणि ते का?’ असे विचारा. सोबत साऱ्या गोळ्यांची यादी आणि साऱ्या फायली न्या.