कीड पडली, पण कोणती?

वांग्याची पाने आकसली की आमच्या घरात दोन भाषांत बोलणे सुरू होते. मी भालकीकडची, मी म्हणते, ‘कीड पडली.’ सासूबाई आळंदकडच्या, त्या म्हणतात, ‘हुळ बिद्दाव.’ दोन्ही बरोबर, पण दोन्ही अर्धेच. आपली ‘कीड’ काय आणि कन्नड ‘हुळ’ काय, त्यात अळी, माशी, मावा सगळेच येतात. औषध मात्र सगळ्यांना एक चालत नाही.

शेंडा सुकून मान टाकतो, फळाला भोक दिसते, ते काम अळीचे. तिला कन्नडमध्ये ‘काय कोरक’ म्हणतात. रस शोषणारी कीड वेगळी. ती पानाच्या पाठीमागे बसते, म्हणून पान उलटून पाहावे लागते. हात लागताच तिरके पळतात, उड्या मारतात ते तुडतुडे; कन्नडमध्ये ‘जिगिहुळु’, म्हणजे उडी मारणारा किडा. झाड हलवले की पांढरा भुरका उडतो ती पांढरी माशी, ‘बिळी नोण’. कोवळ्या शेंड्यावर दाटीने बसतो तो मावा; त्याला ‘हेनु’ म्हणतात, म्हणजे झाडाची ऊच. पाने चिकट होऊन वर काजळी धरली तरी समजावे की खाली रस शोषणे चालू आहे.

बीटी वांग्याचा गाजावाजा झाला तेव्हाही हाच घोटाळा होता. बेंगळुरूला जाहीर सुनावणी झाली आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी त्या वांग्याला स्थगिती दिली. ‘आता फवारणीच नको’ असे तेव्हा अनेकांना वाटत होते. पण ते बियाणे अळीसाठी होते. तुडतुडे आणि पांढरी माशी त्यालाही जुमानणार नव्हती.

दुकानात नुसते ‘वांग्यावर कीड आहे’ म्हटले, तर बहुधा अळीची जहाल बाटली हातात पडते. तिने मावा खाणारे ढालकिडे आणि त्यांची पिल्ले आधी मरतात. काही औषधांनी तर पांढरी माशी उलट वाढते. पैसे जातात, आणि विष भाजीत राहते. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ सालीच बंदी झाली. बाटलीवरचा रंगीत त्रिकोणही पाहावा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. फवारणीनंतर तोडणीला किती दिवस थांबायचे तेही सोबतच्या कागदावर असते. येळ अमावस्येची भजी काय किंवा एण्णेगायी काय, वांगी आधी आपल्याच मुलांच्या ताटात येतात.

आम्ही पहिल्यांदा निंबोळीच धरतो. ५ किलो निंबोळीगराची भुकटी रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची. त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा घालून एकूण १०० लिटर पाणी करायचे. उन्हाने त्याचा गुण जातो, म्हणून त्याच दिवशी संध्याकाळी फवारायचे, आणि पानाच्या खालून. रानात पिवळे चिकट पत्रे लावायचे. युरिया हात राखून द्यायचा. पाला जास्त लुसलुशीत झाला की तुडतुडे धावून येतात. एखादे झाड बारीक पानांचा झुपका होऊन बसते, त्याला फळ धरत नाही. तो पर्णगुच्छ रोग, आणि तोही तुडतुड्यांच्याच जातीची कीड पसरवते. असे झाड औषधाने बरे होत नाही, उपटून जाळावे. एवढे करूनही कीड वाढली, तर पाने तोडून पिशवीत घालावीत आणि कृषी विज्ञान केंद्रात दाखवावीत.

मुलगा आता पान उलटून दोन्ही नावे सांगतो, तुडतुडा आणि जिगिहुळु. दुकानदार मराठी असो की कन्नड, त्याला नेमके सांगता येते. दोन भाषांच्या घराला एवढा तरी फायदा व्हायलाच हवा.