वैलावरचं चॉकलेट

माझं पोट दुधावर चालतं. डेअरी टेक्नॉलॉजी शिकले आणि गेली बरीच वर्षं अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये, त्याच धंद्यात आहे. इथल्या मोटारींच्या नंबरप्लेटवरसुद्धा 'अमेरिकाज डेअरीलँड' असं छापलेलं असतं. अशा मुलखात, साठेक मराठी माणसांदेखत, माझंच दूध बिघडलं.

निमित्त कोजागिरीचं. इथे वाढलेली आमची मुलं मसाला दुधाला नाक मुरडतात. केशर चालतं, पण दाताखाली चारोळी आली की कप खाली. म्हणून मसाला दुधाशेजारी स्लो कुकरमध्ये हॉट चॉकलेट ठेवायचं ठरलं. मी कुकरमध्ये दूध, क्रीम, कंडेन्स्ड मिल्क, कोको आणि चॉकलेट चिप्स एकदमच ओतले, झाकण लावलं, खटका 'हाय'वर केला आणि रांगोळी काढायला गेले. तीन तासांनी झाकण उघडलं तर वर सुरकुतलेली जाड साय, तिच्याखाली तुपाचा तवंग, मधे कणीदार तपकिरी पाणी आणि तळाला चॉकलेटचा चिखल. "अगं, डेअरीवाली ना तू?" असं एका काकूंनी हसत विचारलं, ते अजून विसरले नाहीये.

चूक दुधाची नव्हती, माझी होती. स्लो कुकरला मी शेगडी समजले, आणि तो तर वैल आहे.

चूल ज्यांनी पाहिली त्यांना वैल सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. चुलीच्या मुख्य तोंडाच्या बाजूला एक दुसरं तोंड असतं. तिथे जाळ लागत नाही, आतून आलेली धग तेवढी मिळते. आजोळी भात-आमटी चुलीवर व्हायची आणि मग वैलावर सरकायची. दूधही तिथेच, तासन्‌तास. ते ना उतू जायचं, ना तळाला लागायचं.

स्लो कुकरचा जन्मही अशाच आठवणीतून झाला. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन यांची आई लिथुआनियातल्या ज्यू वस्तीत वाढलेली. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी चोलंटचं, म्हणजे कडधान्य-मांसाच्या रश्शाचं, भांडं गावातल्या बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी काढायचं. आईकडून ऐकलेल्या या गोष्टीवरून नॅक्सननी विजेचं भांडं बनवलं. त्याचं पेटंट 1940 मध्ये मिळालं. पुढे रायव्हल कंपनीने त्यांचा धंदा विकत घेतला आणि 1971 मध्ये तेच भांडं 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आणलं.

या भांड्यात तापणारी तार बहुधा बाजूंना गुंडाळलेली असते आणि आत जाड चिनीमातीचं भांडं बसतं. 'लो' आणि 'हाय' म्हणजे मंद आणि मोठी आच, असा सगळ्यांचा समज असतो. माझाही होता. प्रत्यक्षात बऱ्याच कुकरमध्ये दोन्ही खटके पदार्थाला शेवटी उकळीच्या जरा अलीकडेच नेतात, फक्त 'हाय' लवकर पोचवतो. तीन तास 'हाय'वर म्हणजे माझं दूध बराच वेळ नव्वद अंशांच्या वर बसलं होतं. त्यात साधा कोको आंबट प्रकृतीचा. इतकी उष्णता आणि वर थोडं आम्ल, मग दुधातली प्रथिनं एकमेकांना चिकटून कणी धरणारच. अल्कली लावलेला 'डच' कोको या बाबतीत पुष्कळ सौम्य असतो. मी आता तोच वापरते.

आणखी एक गोष्ट माझ्यासारखीने तरी विसरायला नको होती. झाकण बंद असलं की वाफ परत आतच पडते. म्हणजे या भांड्यात दूध आटत नाही. बासुंदीचा दाटपणा इथे कितीही वेळ ठेवून येणार नाही. तो आधीच आटवलेल्या दुधातून आणावा लागतो. कंडेन्स्ड मिल्क घालायचं ते एवढ्यासाठी, गोडीसाठी नव्हे. गोडी त्यात इतकी असते की वेगळी साखर घालूच नका.

मुख्य मुद्दा कोकोचा. कोको दुधात विरघळत नाही, तो तरंगत राहतो किंवा तळाला बसतो. कारखान्यातल्या चॉकलेट दुधात त्याला धरून ठेवायला कॅराजीनन नावाचा, समुद्री शेवाळातून काढलेला पदार्थ अगदी किंचित घालतात. दुधाच्या प्रथिनांशी त्याची नाजूक जाळी बनते आणि कोको त्यात अडकतो. घरी दोन चमचे कॉर्नफ्लोअर ते काम बऱ्यापैकी करतं. चिप्स मात्र नकोत. बिस्किटात आकार टिकावा म्हणून त्यांत कोको बटर कमी ठेवलेलं असतं, मग दुधात त्या कशा नीट वितळणार? चांगल्या डार्क चॉकलेटची वडी बारीक चिरून घ्या.

बारा-पंधरा लहान कपांचं माझं माप असं: दूध दीड लिटर, क्रीम 300 मिलि, कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, चॉकलेट 250 ग्रॅम, कोको 50 ग्रॅम, चिमूटभर मीठ. क्रीम आणि कंडेन्स्ड मिल्क कुकरमध्ये 'हाय'वर अर्धा-पाऊण तास चांगलं गरम होऊ द्या. कोको चाळून, वाटीभर गरम दुधात गुठळी न राहता घोटा आणि आत घाला. मग चॉकलेट. पाच मिनिटं हात लावू नका, नंतर घुसळा. चकचकीत, दाट लगदा झाला पाहिजे. तो झाल्याशिवाय दुधाला हात लावायचा नाही. बाकीचं दूध गॅसवर तापवून तीन वेळा करून ओता, कॉर्नफ्लोअर थंड दुधात कालवून शेवटी. तासभर 'लो', दर पंधरा मिनिटांनी तळापासून ढवळत, आणि मग 'वॉर्म'. फ्रिजमधलं दूध थेट 'वॉर्म'वर चढवू नका. ते फार वेळ कोमट राहतं, आणि कोमट दुधासारखी जंतूंची चैन नाही. ते सतत साठ अंशांच्या वर राहिलं, तर भीती नाही.

घुसळायला रवी उत्तम. मेक्सिकोत यासाठी मोलिनियो नावाची लाकडी रवी असते, दोन तळहातांत धरून फिरवतात. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला आजीच्या ताकाची आठवण झाली.

पुण्या-मुंबईत करणाऱ्यांनी क्रीम निम्मं केलं तरी चालेल. इथलं दूध सव्वातीन टक्के स्निग्धांशाचं, तुमचं म्हशीचं त्याच्या दुप्पट. जास्त स्निग्धांश म्हणजे जास्त मऊपणा, हे मला मान्य नाही. एका मर्यादेपुढे तो फक्त तवंग होऊन वर येतो.

आणि अमेरिकेतून कुणी प्रेमाने कुकर आणला तर प्लग लावण्याआधी तो उलटा करून बघा. खाली 120 व्होल्ट लिहिलेलं असेल, तर तो तुमच्या 230 च्या विजेवर टिकणार नाही. माझ्या भावाकडे मी नेलेला अडीच मिनिटं टिकला.