शॉकअप, डॅम्पर आणि ‘सी’

गॅरेजवाला त्याला ‘शॉकअप’ म्हणतो. पुस्तकात तो ‘डॅम्पर’ असतो. आणि व्हायब्रेशन्सच्या पेपरात तो नुसता ‘सी’ असतो. एका बाजूने उघडा डबा, त्यात एक आडवी रेघ, झाली आकृती! प्रश्न आला की तो डबा आपण सगळेच डोळे मिटून काढतो. पण त्या डब्याच्या आत नेमकं चालतं काय, हे काही पेपरात कोणी विचारत नाही. आम्हाला ते विचारलं एका बग्गीनं.

तिला खेळणं म्हटलेलं आमच्या विंगला खपत नाही. 1/10 स्केलची, मागच्या दोन चाकांवर चालणारी, बॅटरीसकट साधारण 1.6 किलो वजनाची ही रिमोटची बग्गी पास होऊन गेलेल्या सीनियर्सनी मागे ठेवली. टेकफेस्टला विंगांची शर्यत असते. ट्रॅक म्हणजे हॉस्टेलमागचं मुरमाचं मैदान. पावसाळ्यात तिथून ट्रॅक्टर जातो, मग त्याच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात. त्यावर आमची बग्गी बेडकासारखी उड्या मारायची आणि वळणावर पालथी व्हायची.

आता माझ्या जुन्या रूम पार्टनरबद्दल. त्याची परवानगी घेऊनच लिहितोय. त्याचं इयर डाऊन झालं होतं, आणि राहिलेल्या विषयांत व्हायब्रेशन्स होता. हॉस्टेल सुटलं, बाहेर कॉट बेसिसवर राहायची वेळ आली. ज्यांचं इयर डाऊन झालंय त्यांनाच कळेल, अभ्यासापेक्षा जड जातो तो वेळ. लेक्चर नाही, प्रॅक्टिकल नाही, घरी फोनवर काय बोलायचं ते कळत नाही. एकदा तो म्हणाला, “पार्टनर, सोडून द्यावं म्हणतोय. गावाकडे दुकान आहेच.” मला यावर काही बोलता आलं नाही. पण संध्याकाळी तो आमच्या रूमवर यायचा, आणि बग्गी तिथंच असायची.

शर्यतीसाठी विंगमधून काँट्री काढली. बहुमत होतं चार चकाचक अॅल्युमिनियमचे शॉक घेण्याच्या बाजूनं. पार्टनर म्हणाला, “नळी बदलून काय होणार? आधी आत काय आहे ते बघू.” त्यानं जुना प्लास्टिकचा शॉक वर्तमानपत्रावर उघडला. एक नळी, तिच्यात सिलिकॉन तेल, तेलात बारीक भोकांचा पिस्टन, खाली ओ-रिंग आणि बाहेरून स्प्रिंग. बस, एवढंच!

मित्रांनो, इथं बहुतेकांचा गोंधळ होतो म्हणून सांगतो. गाडीचं वजन शॉक पेलत नाही, स्प्रिंग पेलते. खड्डा आला की स्प्रिंग दबते आणि घेतलेली ऊर्जा तशीच परत देते. ही परत येणारी उसळी मारायचं काम तेलाचं. पिस्टन हलला की तेलाला भोकांतून जावं लागतं, ते अडतं आणि ऊर्जेची उष्णता होते. म्हणजे निवडायच्या गोष्टी तीन: स्प्रिंग, तेल आणि पिस्टनची भोकं. नळी अॅल्युमिनियमची असली तर ती वाकत नाही आणि आट्यांच्या रिंगनं उंची बारीक जुळवता येते, हे खरंच. पण आमची बग्गी उड्या मारत होती ती नळीमुळे नव्हे. काँट्री शेवटी तेलाच्या बाटल्या, दोन जोड्या स्प्रिंग, पिस्टन आणि ओ-रिंग यांवर गेली. पैसे उरले ते मेसबाहेरच्या चहावर.

सीनियर्सनी स्प्रिंगवर प्लास्टिकच्या क्लिपा खच्चून लावल्या होत्या, ‘कडक’ व्हावी म्हणून. वर्कशॉपमधल्या लेथवरच्या काकांनी ते बघितलं आणि हसले. “अरे बाळांनो, यानं गाडी नुसती उंच होते. स्प्रिंग आहे तेवढीच आहे.” अगदी बरोबर. क्लिप लावली की बसण्याची उंची बदलते. ‘के’ बदलायचा तर स्प्रिंगच बदलावी लागते. काकांनी ‘के’ हा शब्द कधी वापरला नाही, ती गोष्ट वेगळी.

मग पार्टनरनं एक दोनशे पानी वही घातली. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तीन फेऱ्या मारायच्या, लिहायचं, मगच पुढची.

पहिलं पान उंचीचं. बॅटरी बसवून, गाडी जमिनीवर दोनदा दाबून सोडायची आणि मागचे ड्राइव्हशाफ्ट आडवे राहतात का बघायचं. दुसरं पान पडण्याचं. जर्नलचा ए-फोर कागद उभा धरायचा, म्हणजे 29.7 सेंटिमीटर, आणि तेवढ्या उंचीवरून गाडी सपाट सोडायची. चासी जमिनीला हलकेच टेकून गाडी एका दमात वर येऊन थांबली पाहिजे. डुचमळत राहिली तर तेल पातळ. चिखलात रुतल्यासारखी हळूहळू वर आली तर तेल घट्ट.

हे चालू असताना एका रात्री त्यानं स्वतःहून पुस्तक काढलं. स्थिर वजनानं स्प्रिंग चाकापाशी 10 मिलिमीटर दबते असं धरलं तर नॅचरल फ्रीक्वेन्सी किती? सूत्रात फक्त ‘जी’ आणि दबलेली लांबी लागते. उत्तर आलं सेकंदाला 5 झोके. खरी मोटारगाडी साधारण 150 मिलिमीटर दबते असं धरलं तर सव्वा-दीडच्या आसपास. तो म्हणाला, “म्हणजे ही गाडी लहान नाही रे, घाईत आहे.” व्हायब्रेशन्समधलं वाक्य त्यानं स्वतःच्या शब्दांत बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

खरी गंमत चाकोऱ्यांवर झाली. ए-फोरची परीक्षा गाडी पास होत होती, पण चाकोऱ्यांवर चाकं तरीही टणाटण उडत होती. आता तेल तेच, गाडी तीच, मग फरक कुठे? फरक वेगात. पिस्टन सावकाश हलतो तेव्हा तेलाचा घट्टपणा महत्त्वाचा. पण झटका बसला की तेलाला भोकात शिरतानाच वेग घ्यावा लागतो. तो विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि ठरतो मुख्यतः भोकाच्या क्षेत्रफळावर. भोकं लहान असली की त्या क्षणी शॉक जणू गोठतो, स्प्रिंगला दबूच देत नाही. उपाय उलटा वाटेल असा: भोकं मोठी आणि तेल जास्त घट्ट. भोक 1.2 वरून 1.5 मिलिमीटर केलं तर सावकाश वाहणाऱ्या तेलाचा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताच्या हिशेबानं जवळजवळ अडीच पटीनं घटतो. पिस्टन पातळ असल्यानं हिशेब तंतोतंत बसत नाही, पण दिशा चुकत नाही. शेवटी पुढे 400 आणि मागे 350 सेंटिस्टोकवर आम्ही थांबलो. एक सूचना: बाटलीवर ‘वेट’चा आकडा असेल तर तो कंपनीगणिक बदलतो. सेंटिस्टोक बघून घ्या.

तेल भरताना घाई करू नका. पिस्टन तेलात बुडवून सावकाश वरखाली करा, बुडबुडे निघेपर्यंत थांबा. हवा दबते, तेल दबत नाही. एका शॉकमध्ये हवा राहिली तर डावं-उजवं कधीच जुळणार नाही.

शर्यत होती एप्रिलमधल्या दुपारी, आणि आमचा सगळा सराव संध्याकाळचा. तापल्यावर तेल पातळ होतं. वहीत एका रविवारच्या भर दुपारची नोंद होती, ‘पुढून डुचमळते’. त्या नोंदीवर विसंबून पुढे 450 भरलं. आमची बग्गी तिसरी आली. पहिल्या दोघींच्या मोटरी आमच्यापेक्षा जोरदार होत्या. पण तिन्ही फेऱ्यांत एकदाही पालथी न झालेली गाडी आमचीच!

इथं ‘आयुष्याचे शॉकअप’ वगैरे लिहायचा मोह होतो, आणि मासिकात तशी प्रथाही आहे. पार्टनरनं त्याला सक्त मनाई केली आहे. म्हणून जेवढं झालं तेवढंच लिहितो. तो गावी गेला नाही. त्यानं पुन्हा पेपर दिला, निकाल अजून लागायचा आहे. मधल्या काळात फर्स्ट इयरची दोन पोरं त्याच्याकडे यायला लागली. त्यांना तो डॅम्परची आकृती काढून देत नाही, आधी शॉक हातात देतो, दाबायला लावतो आणि विचारतो, “गेली कुठं ताकद?”

वही विंगच्या कपाटात, बग्गीशेजारी ठेवली आहे. पुढच्या वर्षी मैदानावर नवा मुरूम पडेल तेव्हा त्यातले आकडे उपयोगी पडतीलच असं नाही. तेव्हा नवं पान घ्या आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.