विग्रह

मराठीच्या तासाला समास शिकवताना ‘विग्रह’ हा शब्द आम्ही दोघेही गेली अनेक वर्षे वापरत आलो आहोत. सामासिक शब्दाची फोड करून त्यातील पदांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे, एवढाच त्याचा व्याकरणातला अर्थ. संस्कृतात मात्र विग्रह म्हणजे शरीर, देवाची मूर्ती, आणि कलहसुद्धा. जुन्या ताम्रपटांत ‘सांधिविग्रहिक’ हा अधिकारी भेटतो, तो तह आणि युद्ध यांचा कारभार पाहणारा. मूर्ती, तिची फोड आणि भांडण हे तिन्ही अर्थ एका शब्दात कसे नांदतात, याचा प्रत्यय आम्हांला सानपाड्याच्या आमच्या घरात आला, तो पावणेचार इंचांच्या एका प्लास्टिकच्या सैनिकामुळे.

हा सैनिक म्हणजे जी. आय. जो. अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने या आकाराची बाहुली १९८२ साली बाजारात आणली. आपल्याकडे ती फनस्कूलने काढली. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून १९८७ साली स्थापन केलेली ही कंपनी, आणि तिचा कारखाना गोव्यात. म्हणजे अंगावर परक्या सैन्याचा गणवेश असला तरी हा शिपाई जन्माने आपल्या शेजारचाच. आमच्या घरातला शिपाई आम्हां दोघांपैकी एकाच्या धाकट्या भावाचा. २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, तो भाऊ गेला. त्या दिवसांत अनेक घरांच्या वाट्याला जे आले तेच आमच्याही आले. आईंना त्याचे अंत्यदर्शन झाले नाही; त्यांनी पाहिले ते फक्त दुरून, गुंडाळलेले.

पुढे कपाटातला स्टीलचा डबा उघडला, तेव्हा शिपायाचे पाय धडापासून सुटून पडले होते. कोणी मोडले नव्हते. या खेळण्याची रचनाच तशी आहे. छाती आणि पाठ ही दोन अर्धुके पाठीतल्या एकुलत्या एका स्क्रूने जोडलेली. डोके आणि हात त्यांच्यात नुसते धरलेले. दोन्ही पाय धातूच्या एका आकड्यावर. आणि त्या आकड्याला कमरेतून वर खेचून धडाशी बांधून ठेवणारे एक काळे रबरी कडे. बाहेरून ते दिसत नाही. वीसपंचवीस वर्षांत रबर कडक होते, तडकते, आणि एक दिवस बाहुली आपोआप सुटी होते. समासात लोप पावलेला विभक्तिप्रत्यय असाच असतो. दिसत नाही, पण पदांचे नाते त्याच्यावर असते. (व्याकरणाच्या मास्तरांना सगळीकडे व्याकरणच दिसते, हे मान्य.)

आमच्या मुलीने स्क्रू काढून सगळे भाग वर्तमानपत्रावर मांडले. ते अकरा भरले: डोके, छाती, पाठ, दोन हात, कंबर, दोन पाय, आकडा, स्क्रू आणि तडकलेले कडे. उजव्या हाताचा अंगठा तुटलेला. “काकाचं असंच चित्र करू,” ती म्हणाली. डॅमियन ओर्तेगा या मेक्सिकन कलावंताने २००२ साली फोक्सवागन बीटल गाडीचे सुटे भाग छतापासून तारांनी टांगले होते. त्याचे छायाचित्र तिने पाहिले होते. प्रत्येक भाग आपल्या जागी, पण शेजाऱ्यापासून थोडा दूर.

आई उखडल्या. “भग्न मूर्तीसुद्धा घरात ठेवत नाहीत. आणि तुम्ही त्याला असा सोडवून भिंतीला टांगणार?” त्या ‘त्याला’ म्हणाल्या, बाहुलीला नव्हे. चौदा वर्षांच्या मुलीला वाटत होते की वेगळे केल्याखेरीज माणूस कसा जोडलेला होता ते कळत नाही. आजीला एकदा तरी तो अखंड पाहायचा होता. आमच्या मते आईंचा हक्क आधीचा होता.

म्हणून प्लंबिंगच्या सामानाच्या दुकानातून मापाची दोन रबरी कडी आणली. शिपाई उभा राहिला. आठ दिवस तो आईंच्या उशाशी, औषधांच्या डब्याजवळ होता. नवव्या दिवशी त्यांनीच तो मुलीच्या हातात दिला. “घे. आता कर तुला काय करायचं ते.”

काम तसे बेताचे. साध्या तसबिरीची काच बाहुलीवर दाबली जाते, म्हणून काच आणि पुठ्ठा यांच्यात दीड इंचाची पोकळी ठेवून चौकट करून घेतली. चौकटवाल्याने फेविक्विक सुचवले. त्याने प्लास्टिकवर पांढरट डाग पडतात, आणि चिकटलेले पुन्हा सुटत नाही. संग्रहालयांत वस्तूवर केलेला उपाय शक्यतो उलटवता यावा असा पाहतात, ते आम्हांला इथे पटले. प्रत्येक भागामागे पुठ्ठ्याला सुईने दोन छिद्रे पाडून नायलॉनच्या बारीक दोऱ्याने तो बांधला, गाठ मागे. जुने कडे त्याच्या जागी आहे. नवे, शिपायाला घातलेले, कडे पाकिटात घालून चौकटीच्या पाठीला लावले आहे. नवी मुंबईच्या पावसात भिंतीला ओल येते, म्हणून मागे चारही कोपऱ्यांत बुचाच्या चकत्या.

भिंतीला ड्रिल लावण्याआधी आई पलंगावरून म्हणाल्या, “एवढ्या वर नको. मला बसल्या बसल्या दिसला पाहिजे.” खिळ्याची खूण दीड फूट खाली आणली.